‘स्मृतिचित्रे’ : धर्मांतर आणि श्रद्धा

ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षे हा ‘स्मृतिचित्रे’चा (१९३४-३६) गाभा होय. पतीने धर्म बदलला म्हणून पत्नीची श्रद्धा बदलली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातून सोवळेओवळे व जातिभेद आधी गळाले, बाप्तिस्मा नंतर आला. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला व त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले. बाप्तिस्म्याने एक समाज दुरावतो, दुसरा लाभतो. श्रद्धेचा उदय मात्र त्या विधीच्या तिथीशी बांधलेला नसतो. म्हणूनच या आत्मचरित्राकडे केवळ धर्मांतराची कथा म्हणून पाहणे अपुरे ठरते.