पोरगा की सीनियर?

एम-थ्रीत स्टॅण्डर्ड डेव्हिएशन आपण घोकतो, पण त्याचा उपयोग काय? बेसबॉलमधलं एक उदाहरण बघू.

2007 साली बॉस्टन रेड सॉक्स संघाने सेकंड बेसवर डस्टिन पेड्रोया हा नवखा पोरगा उभा केला. एप्रिलमध्ये त्याची फलंदाजीची सरासरी होती .182, म्हणजे शंभर संधींत जेमतेम 18 हिट! बाकावर अनुभवी अ‍ॅलेक्स कोरा बसलेला. मग पोराला काढायचं का?

हिशेब करू. समजा, त्याची खरी कुवत .270 आणि महिन्यातल्या संधी अंदाजे 60. सूत्र : पी गुणिले (1 वजा पी), भागिले एन, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं .057. म्हणजे .182 ही सरासरी फक्त दीड डेव्हिएशन खाली. नुसत्या नशिबानेही एवढी घसरण होऊ शकते. 520 संधी घेतल्या तर हेच उत्तर .02 च्या आत येतं.

पण म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवायचा असं नाही. 2006 मध्ये खालच्या लीगमध्ये पेड्रोयाची सरासरी .300 च्या वर होती. मोठा पुरावा तो होता. मॅनेजर टेरी फ्रँकोनाने धीर धरला. मोसमाअखेर पेड्रोया .317 वर पोचला, वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली.

कोराही वाया गेला नाही. गरज पडेल तेव्हा तो खेळला आणि 2018 मध्ये मॅनेजर म्हणून त्याने याच संघाला विजेतेपद मिळवून दिलं.

तेव्हा पहिल्या युनिट टेस्टवरून ज्युनियरला 'ढ' ठरवण्याआधी एवढंच विचारा : एन किती?