भाड्याचे विमान, आगाऊ पैसा

नियमित विमानसेवेला निम्म्या जागा रिकाम्या असल्या तरी ठरल्या वेळी उड्डाण करावे लागते. चार्टर कंपनीची रीत निराळी असते. ती प्रवाशांना सुटी तिकिटे न विकता सबंध विमानच सहल-कंपनीला भाड्याने देते. सहल-कंपनी प्रवास व निवास यांची एकत्र किंमत ठरवून हंगामापूर्वीच पैसे गोळा करते. जवळजवळ प्रत्येक आसन भरल्यामुळे दरडोई खर्च घटतो. याच पद्धतीमुळे दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील सामान्य कामगाराला स्पेनचा समुद्रकिनारा पाहता आला.

परंतु या स्वस्ताईचा पाया किती ठिसूळ असतो, हे लंडनजवळील ल्यूटन येथील 'कोर्ट लाइन' या कंपनीच्या उदाहरणावरून दिसून येते. 1970 मध्ये हे नाव धारण केलेल्या या कंपनीची रंगीबेरंगी विमाने लोकप्रिय झाली. 1973 मध्ये तिने प्रचंड 'ट्रायस्टार' विमाने आणली. शिवाय आपले मुख्य गिऱ्हाईक असलेली, परंतु तोट्यात चाललेली 'क्लार्कसन्स' ही सहल-कंपनीही ताब्यात घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस खनिज तेल भडकले, मंदी आली, प्रवासी घटले. कंपनीवरील देणी मात्र कायम राहिली. 15 ऑगस्ट 1974 रोजी, ऐन हंगामात, कंपनी कोसळली. हजारो प्रवासी परदेशात अडकले. ज्यांची सहल अद्याप व्हावयाची होती, त्यांचे आगाऊ पैसे बुडण्याची वेळ आली.

या आघातानंतर 1975 च्या कायद्यान्वये ब्रिटनमध्ये प्रवाशांच्या भरपाईसाठी राखीव निधी उभारण्यात आला. प्रवाशाने आगाऊ दिलेला पैसा ही वस्तुतः ठेवच होय. तिचे रक्षण कंपनीच्या भरभराटीवर सोपवून भागत नाही.