निखळलेले दुवे

रहस्यकथा लिहिणारा आणि ती वाचणारा यांच्यात एक अलिखित करार असतो. लेखकाने उत्तर शेवटपर्यंत झाकून ठेवावे, पण त्या उत्तराकडे नेणाऱ्या खुणा वाटेवर टाकीत जाव्यात. आणि वाचकाने डोळे उघडे ठेवून त्या वेचाव्यात. म्हणूनच इतर कथांत जी चूक आपल्या नजरेतून सहज निसटते, ती रहस्यकथेत टोचू लागते. एखाद्या कौटुंबिक कादंबरीतील नायकाची छत्री पुढच्या पानावर नाहीशी झाली, तर तिचा शोध कोणी करीत नाही. रहस्यकथेत मात्र ती छत्री गेली कोठे, यावरच कदाचित खुनाचा उलगडा अवलंबून असेल!

अशा कथानकात एखादा दुवा निखळलेला आढळला, तर वाचकाने काय करावे? कोणी म्हणतील, पुराणातील वांगी पुराणात राहू द्यावीत. कोणी लेखकाला नावे ठेवून पुस्तक मिटतील. पण रसिकांना आवडणारा आणखी एक मार्ग आहे. तो म्हणजे कथेत मिळालेल्या माहितीच्या आधारे तो दुवा आपणच जोडून पाहणे. सर आर्थर कॉनन डॉइल यांनी निर्माण केलेल्या शेरलॉक होम्स या गुप्तहेराच्या कथांबाबत हा उद्योग शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज विद्वानाने १९११ साली या कथांवर एक निबंध वाचला. धर्मग्रंथांतील पाठभेदांची चिकित्सा पंडित जशी करतात, तशी त्याने होम्सच्या कथांची केली. अर्थात् विनोदाने, पण चेहऱ्यावरील गांभीर्य जराही ढळू न देता.

या विसंगतींपैकी डॉक्टर वॉटसनच्या जखमेची गोष्ट फार प्रसिद्ध आहे. वॉटसन हा होम्सचा मित्र व त्याच्या कथांचा निवेदक. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्या कादंबरीत तो सांगतो, की अफगाणिस्तानातील मैवंदच्या लढाईत आपल्या खांद्याला गोळी लागली. ही लढाई १८८० साली खरोखरच झाली होती आणि तीत मुंबई लष्कराच्या पलटणीही लढल्या होत्या. पण १८९० सालच्या ‘द साइन ऑफ द फोर’ या दुसऱ्या कादंबरीत हाच वॉटसन आपला दुखावलेला पाय कुरवाळीत बसलेला दिसतो! गोळी खांद्यातून पायात कशी उतरली? कोणी म्हणाले, गोळ्या दोन लागल्या असाव्यात. पण मग पहिल्या वेळी वॉटसनने पायाचा उल्लेखही का करू नये?

या प्रश्नाचे मला सर्वांत पटलेले उत्तर पुस्तकात नव्हे, तर दूरचित्रवाणीवर मिळाले. २०१० साली बीबीसीने ‘शेरलॉक’ या नावाची मालिका सुरू केली. स्टीव्हन मोफॅट व मार्क गॅटिस हे तिचे जनक. त्यांनी होम्सला आजच्या लंडनमध्ये आणले. पहिल्याच भागात वॉटसन काठी टेकीत लंगडत येतो. होम्स त्याच्याकडे पाहून ओळखतो, की याचे लंगडणे शरीराचे नसून मनाचे आहे; कारण हा चालताना लंगडतो, पण उभा राहिला म्हणजे खुर्ची मागत नाही. पुढे एका संशयिताच्या मागे धावताना वॉटसन आपली काठी चक्क विसरून जातो. खरी जखम खांद्यालाच होती! डॉइलची दोन्ही विधाने येथे खरी ठरली, एकही खोडावे लागले नाही, आणि शिवाय युद्धातून परतलेल्या एका सैनिकाच्या मनाचे दुखणेही आपल्याला दिसले. दुवा जोडावा तो असा.

सगळेच दुवे असे जोडता येत नाहीत. १८९३ सालच्या ‘द फायनल प्रॉब्लेम’ या कथेत डॉइलने होम्सला स्वित्झर्लंडमधील रायखेनबाख धबधब्यात त्याचा शत्रू मोरिआर्टी याच्यासह लोटून दिले. कड्याकडे जाणारी दोन माणसांची पावले चिखलात उमटली होती. परत येणारे पाऊल एकही नव्हते. वाचक हळहळले, रागावलेही. अखेर दहा वर्षांनी, १९०३ साली, ‘द एम्प्टी हाउस’ या कथेत डॉइलने होम्सला परत आणले. पावलांचे काय? होम्स सांगतो, की मोरिआर्टी एकटाच कोसळला आणि आपण मागची दरड चढून गेलो. पावलांचा हिशेब चोख जुळला. पण त्याच वेळी होम्स असेही सांगतो, की शत्रूच्या एका साथीदाराने आपल्याला जिवंत पाहिले व वरून धोंडे लोटले. मग तीन वर्षे मेल्याचे सोंग घेतले ते कोणासाठी? शत्रूला सत्य ठाऊक होते. फसला तो बिचारा वॉटसन! एक भोक बुजविताना दुसरे पडते, ते असे. आणि ‘विस्टेरिया लॉज’ या पुढील कथेचा काळ तर १८९२ सालचा मार्च असा दिला आहे. त्या वेळी होम्स जगाच्या दृष्टीने मृत होता. येथे चातुर्याने सारवासारव करण्यात अर्थ नाही. लेखकाकडून साल चुकले, असे सरळ म्हणावे हे उत्तम.

दूरचित्रवाणीच्या मालिकेलाही हाच प्रसंग ओलांडावा लागला. १५ जानेवारी २०१२ रोजी दाखविलेल्या भागात होम्स लंडनमधील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या गच्चीवरून उडी घेतो. खाली रस्त्यावर वॉटसन उभा असतो. त्याला होम्सचे पडणे दिसते, पण मधल्या एका बुटक्या इमारतीमुळे जमिनीवर आपटणे दिसत नाही. तो धावतो, तोच एक सायकलस्वार त्याला पाडतो. गर्दीतून वाट काढून तो मित्राचे मनगट धरतो. नाडी लागत नाही. आणि शेवटच्या दृश्यात होम्स दफनभूमीत दुरून वॉटसनकडे पाहत जिवंत उभा असतो!

पुढचा भाग आला तो १ जानेवारी २०१४ रोजी. जवळजवळ दोन वर्षे प्रेक्षक तर्क लढवीत राहिले. त्यांच्यापैकी चाणाक्षांना एक गोष्ट आठवली. त्याच भागात, काही वेळापूर्वी, होम्स प्रयोगशाळेत बसून एक रबरी चेंडू उगीचच आपटीत होता. चेंडू काखेत घट्ट दाबून धरला, तर हाताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवर दाब पडून मनगटाची नाडी तेवढ्यापुरती लागेनाशी होते. २०१४ च्या भागात होम्सने दिलेल्या उलगड्यात हा चेंडू खरोखरच आला. येथे लेखकांनी करार पाळला, कारण खूण आधीच आपल्यापुढे टाकलेली होती.

त्या उलगड्यातील बाकीचा भाग मात्र मला इतका भक्कम वाटत नाही. भररस्त्यात हवेने फुगविलेली प्रचंड गादी पसरावयाची, तीवर उडी घ्यावयाची, वॉटसन पोहोचण्याच्या आत ती काढून न्यावयाची, आणि या कामात कित्येक माणसे सामील! गंमत अशी, की हा उलगडा ज्याला सांगितला जातो, तो अँडरसन हा मालिकेतीलच माणूस तत्काळ आक्षेप घेतो. वॉटसन नेमका त्याच जागी उभा राहील, हे आधी कसे कळले? तो तेथून हलला असता तर? उत्तर मिळण्यापूर्वी होम्स निघून गेलेला असतो. ही युक्ती चतुर आहे, हसूही येते. तथापि शंका पात्राच्या तोंडी घातली, म्हणजे ती फिटली असे होत नाही.

याची पुढची पायरी अधिक विचार करण्याजोगी आहे. १५ जानेवारी २०१७ रोजी चौथ्या मालेचा तिसरा व शेवटचा भाग दाखविण्यात आला. त्यात वॉटसनला विहिरीच्या तळाशी पाय साखळदंडाने जखडून ठेवलेले असते. पाणी चढत जाते आणि अखेर वरून दोर सोडून त्याची सुटका होते. साखळदंड कोणी व कसा तोडला, ते दाखविलेलेच नाही. याच भागात बॉम्बस्फोटाच्या क्षणी होम्स व वॉटसन खिडकीतून उडी टाकतात आणि पुढच्या दृश्यात धडधाकट दिसतात.

मालिकेवर जीव टाकणाऱ्या काही प्रेक्षकांना या चुका मानवल्या नाहीत. एवढे हुशार लेखक चुकतील कसे, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणून त्यांनी ठरविले, की हा भाग जाणूनबुजून सदोष केला असून खरा शेवट एका गुप्त चौथ्या भागात येणार आहे. पुढच्या रविवारी ‘ॲपल ट्री यार्ड’ ही अगदी निराळी मालिका सुरू होणार होती. तो केवळ देखावा असून तिच्या नावाखाली आपलाच भाग दाखविला जाईल, असेही काहींनी धरून चालविले. रविवार उजाडला, ‘ॲपल ट्री यार्ड’ सुरू झाली आणि तीच चालू राहिली. गुप्त भाग कधीच आला नाही.

हे लोक बुद्धीने मंद नव्हते. उलट, बारीकसारीक गोष्टी हेरण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच असतील. त्यांची गाडी रुळावरून घसरली ती एकाच ठिकाणी. लेखकाकडून चूक होऊच शकत नाही, असे त्यांनी आरंभीच गृहीत धरले. मग जितक्या चुका अधिक, तितका गुप्त भागाचा पुरावा अधिक, असे झाले. जो तर्क कोणत्याच गोष्टीने खोटा पडू शकत नाही, त्याची परीक्षा घ्यावी तरी कशी? चेंडूच्या तर्काचे तसे नव्हते. तो चेंडू आधीच्या दृश्यात दिसला नसता, तर तो तर्क तेथेच लंगडा पडला असता.

विहिरीतील साखळदंडाबद्दल मात्र एवढेच म्हणता येते, की तो तोडण्याचे दृश्य लेखकांनी गाळले, किंवा ते त्यांच्या ध्यानातच राहिले नाही.

स्वाध्याय

१. वॉटसनच्या जखमेचा मालिकेने दिलेला उलगडा लेखकाला का पटला?

२. चेंडूचा तर्क आणि गुप्त भागाचा तर्क यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.

३. तुम्ही वाचलेल्या एखाद्या रहस्यकथेतील निखळलेला दुवा शोधा. तो कथेतील माहितीनेच जोडता येतो का, ते पाहा. येत नसल्यास तसे लिहा.