पीएच मीटरचा इलेक्ट्रोड कोरडा ठेवू नका

सोलापूरची चादर आणि टॉवेल रंगावर खपतात. सुती सुतावर रिॲक्टिव्ह रंग पक्का करण्यासाठी सोडा ॲश घालून रंगाच्या पाण्याचा पीएच साधारणतः 10.5 ते 11.5 ठेवावा लागतो. तो चुकला की एका लॉटची शेड दुसऱ्याशी जुळत नाही आणि नुकसान मालकाच्या माथी बसते. दोष मात्र रंगाला, नाही तर रंगाऱ्याला दिला जातो. कारखानदार बंधूंनी आधी मीटर तपासावे, असे आम्ही सुचवतो.

मीटर सहसा बिघडत नाही. बिघडतो तो इलेक्ट्रोड. त्याच्या टोकाच्या काचेच्या फुग्यावर ओलाव्याचा अतिशय पातळ थर असतो. तो वाळला की आकडा स्थिर राहत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीपार असताना, उघडा इलेक्ट्रोड वाळायला कितीसा वेळ लागणार? म्हणून काही जण तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवतात. हेही चूकच, कारण त्यामुळे आतला क्षार पाण्यात झिरपून जातो. टोपीत 3 मोलर पोटॅशियम क्लोराईडचे द्रावण ठेवावे. 22.4 ग्रॅम क्षार डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एकूण 100 मिलिलिटर केले की झाले. टोपीभोवती पांढरे स्फटिक जमले तर घाबरू नये, धुतल्यावर ते जातात.

बोअरचे पाणी जड असेल, तर सोडा ॲशमुळे फुग्यावर चुन्याचा थर चढतो. इलेक्ट्रोड 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये 15 मिनिटे ठेवून धुवावा, मग तासभर क्लोराईडच्या द्रावणात ठेवावा. हातमोजे घालावेत. तेलकट डाग सौम्य साबणाने काढावा. फुगा फडक्याने घासू नये, मऊ कागदाने नुसता टिपावा.

रंगाच्या पाण्यासाठी मीटर 7 आणि 10 च्या बफरवर लावावे. वापरलेला बफर बाटलीत परत ओतू नये. दहाचा बफर उघडा राहिला तर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून उतरतो. नमुना थंड करूनच मोजावा. मीटरमधील तापमानाची दुरुस्ती फक्त इलेक्ट्रोडपुरती असते, पाण्याचा स्वतःचा पीएच तापल्यावर बदलतो तो बदललेलाच दिसतो.

एवढे करूनही बफरमध्ये आकडा जुळत नसेल, तर नवे मीटर घेण्याची घाई नको. इलेक्ट्रोड सुटा मिळतो. आणल्या दिवशीच त्यावर तारीख लिहून ठेवावी.