उणे एक म्हणजे चारशे कोटींहून जास्त?



जावास्क्रिप्ट या भाषेत '-१ >>> ०' असे लिहिले की उत्तर ४२९४९६७२९५ येते. मुले म्हणतात, संगणक चुकला. आम्ही म्हणतो, आधी विजेचा मीटर बघा.

आपल्या बेळगाव-निपाणीकडे घरोघरी पाच आकडी चक्रांचे मीटर असत. ९९९९९ नंतर ०००००. मागील नोंद ९९९५० आणि आताची ०००३५ असेल तर वजाबाकी -९९९१५ येते. ऋण वीज कोणी जाळत नाही! त्यात १००००० मिळवा, ८५ युनिट. हेच खरे बिल. मात्र मधल्या काळात चक्र दोनदा फिरलेले नसावे.

संगणकातील चिन्हरहित पूर्णांक असाच असतो. ३२ बिटांत ० ते ४२९४९६७२९५ एवढ्याच संख्या मावतात. शून्यातून एक मागे गेलो की शेवटची संख्या येते. ठरावीक आकड्यांची शिस्त देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ च्या खेळातही आहे. तिथे ९९९ हे ०९९९ असेच लिहावे लागते.

जावास्क्रिप्टमध्ये साध्या संख्यांना हा वेगळा प्रकार नाही. म्हणून '>>> ०' लावून संख्या चक्रात बसवतात. '&' चिन्ह वापरल्यास उत्तर पुन्हा ऋण होऊ शकते, तेव्हा '>>> ०' शेवटी लावावे.

बेरीज-वजाबाकीत एवढे पुरते. गुणाकारात फसगत होते. या भाषेत ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक राहत नाही. ४२९४९६७२९५ ला त्यानेच गुणून '>>> ०' केले तर ० येतो. खरे उत्तर १ आहे, कारण चक्रात ही संख्या उणे एकच, आणि उणे एकचा वर्ग एक. इथे 'मॅथ.इम्युल' वापरून मग '>>> ०' करावे. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो, तिथे ४२९४९६७२९६ ने भागून बाकी घेतली की झाले.

पालकांनी हा पोरखेळ समजू नये. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद चिन्हासहित ३२ बिटांत मोजणारी जुनी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी ऋणात जातील. चिन्हरहित मोजली तर २१०६ पर्यंत चालतील. आजची आठवीची मुले २०३८ मध्ये नोकरीधंद्यात असतील.

वहीत सोडवा: मागील नोंद ९९९८७, आताची ००११२. किती युनिट?