ब्रेक मारताच जीप डावीकडे ओढते

प्रश्न : आमच्या जुन्या महिंद्रा जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. साल्हेरकडच्या उतारावर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. काय करावे?
– एक वाचक, सटाणा

उत्तर : बहुधा पुढचा उजवा ब्रेक कमी धरतोय. पुढचे दोन्ही ड्रम काढा. व्हील सिलिंडरचे रबर उचलून पाहा. आत ब्रेक ऑइल झिरपले असेल तर किट बदला. तेल प्यायलेले किंवा रिव्हेटपर्यंत झिजलेले लायनर दोन्ही चाकांचे एकदमच बदला. ड्रमवर खोल चरे असतील तर लेथवर घासून घ्या. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. शेवटी दोन्हीकडे ॲडजस्टर सारखे करून हवा काढा. तोवर घाट उतरू नका.