प्रमाणपत्रानंतरची दोन वर्षे

चि. अनिकेत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रोजगार मेळाव्यात नाव नोंदवावे, कारखान्यात उमेदवारी पत्करावी की आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, जावे, असा प्रश्न चिरंजीवाने मागील पत्रात केला आहे. तिन्ही वाटा सरकारी कागदावर ‘रोजगार’ याच सदरात मोडत असल्या, तरी तरुणाला कोणी, कुठवर आणि किती काळ सोबत करावी याविषयीची त्यांची कल्पना निरनिराळी आहे, आणि निवड करताना तीच पारखावी.

मेळाव्याचे कार्य मालक व उमेदवार यांना एका मंडपात आणण्यापुरते असते. हाती आधीच कसब असलेल्याला त्याचा उपयोग होतो, इतरांना फारसा नाही.

उमेदवारीला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाचा आधार आहे. ठरावीक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी शिकाऊ उमेदवार घ्यावेत आणि त्यांना विद्यावेतन, म्हणजे शिकण्याच्या काळातील मासिक रक्कम, द्यावे असे हा कायदा सांगतो; मात्र उमेदवारी संपल्यावर त्याच मालकाने नोकरी दिली पाहिजे असे बंधन त्यात नाही, आणि २०१४ च्या दुरुस्तीनेही अशा उमेदवारांच्या भरतीचे धोरण मालकाने स्वतः आखावे एवढेच म्हटले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही हीच मेख राहिली: बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये देऊन प्रथम सहा महिन्यांचा अनुभव देण्याचे ठरले, पुढे मुदत वाढली, आणि अखेरीस कायम करण्याची मागणी घेऊन प्रशिक्षणार्थी आंदोलनास बसले. त्यांचा संताप समजण्याजोगा असला, तरी योजनेने नोकरीचे वचन दिलेच नव्हते. अनुभवाचा दाखला मिळाल्यानंतर त्याचे काय करायचे, हे ज्याचे त्याने पाहायचे होते.

आरसेटी या बाबतीत वेगळी ठरते. तिचे मूळ कर्नाटकात धर्मस्थळाजवळील उजिरे येथे आहे, जेथे १९८२ मध्ये धर्मस्थळाचे धर्माधिकारी वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने आणि सिंडिकेट व कॅनरा या बँकांच्या साहाय्याने असे पहिले केंद्र उभे राहिले. पुढे केंद्र सरकारने तोच नमुना स्वीकारून जिल्ह्याजिल्ह्यांत अशा संस्था काढण्याचे धोरण आखले आणि त्या चालवण्याचे काम मुख्यतः अग्रणी बँकांकडे, म्हणजे जिल्ह्यातील कर्जपुरवठ्याचा मेळ घालण्यासाठी नेमलेल्या बँकांकडे, आले. प्रशिक्षण, निवास आणि भोजन विनामूल्य असते आणि शिक्षणक्रम थोड्या आठवड्यांचे असतात, परंतु त्यांचे खरे वैशिष्ट्य असे की प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करणे, प्रशिक्षणार्थीला कर्जासाठी बँकेशी जोडून देणे आणि धंदा अडला तर सल्ला देणे हे संस्थेचेच काम मानले आहे. तरुणांचे धंदे बसतात ते बहुधा याच काळात. प्रमाणपत्र वाटपाच्या छायाचित्रात तो काळ अर्थातच येत नाही.

गावाच्या गरजेलाच शिक्षणाचे साधन करण्याचा प्रयोग याहून निराळा आणि, प्रस्तुत पत्रलेखकाच्या मते, अधिक मूलगामी आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो शाळेच्या चौकटीत न रमलेल्या ग्रामीण मुलांना नजरेसमोर ठेवून. तेथील एक वर्षाच्या निवासी पदविकेत कार्यशाळेतील कामे, ऊर्जा, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे विषय गावकऱ्यांच्या प्रत्यक्ष कामातून शिकवले जातात. पैसे मोजून काम करून घेणारा शेतकरी सांधा कच्चा राहिला तर लगेच बोलतो, आणि परीक्षकाच्या गुणांपेक्षा हे बोलणे कारागिराला अधिक घडवते.

चिरंजीवास पंप उघडून पाहण्याची लहानपणापासून आवड असल्याने आरसेटीतील मोटार रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार नव्याने गुंडाळण्याचा, शिक्षणक्रम उचित वाटतो. नोकरी लावून देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्या कोणत्याही केंद्राच्या दारात मात्र उभे राहू नये. अर्ज भरण्यापूर्वी मागील तुकडीतील दोघा-तिघांची नावे संस्थेकडून मागून घ्यावीत आणि त्यांच्या दुकानी समक्ष जावे. दुकान चालू आहे का, प्रशिक्षक नंतर कधी फिरकले का, बँकेने कोणती कागदपत्रे मागितली आणि कर्ज किती महिन्यांनी हाती पडले, हे नीट विचारून घ्यावे.

कळावे.